सायकलींच्या खोलीतलं दुखणं

रॉटरडॅमला लागून असलेल्या आमच्या कापेल गावात नवीन राहायला आलेल्या बाईला सरलाताईंची ओळख करून देताना मी सांगते, "ह्या आमच्या सरलाताई. ह्यांची आजारी पडायची नोकरी आहे." समोरची बाई आधी हसते, मग माझ्याकडे आणि त्यांच्याकडे आळीपाळीनं बघत राहते. सरलाताई मात्र गंभीरपणे मान हलवतात आणि म्हणतात, "पगारी हं. फुकट आजारी पडायचे दिवस गेले."

खरंच तसं आहे ते. रॉटरडॅममध्ये डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलामुलींना खऱ्या रोग्यासमोर बसण्याआधी खोट्या रोग्यावर सराव करावा लागतो. त्यासाठी धडधाकट माणसं बोलावतात. ती दिलेलं दुखणं पाठ करून येतात, खुर्चीत बसतात आणि विद्यार्थी विचारील तसतसं ते दुखणं उलगडतात. नीट विचारलं तरच खरं सांगायचं, नाहीतर पोटातच ठेवायचं. शेवटी त्या विद्यार्थ्याला सांगायचं, की बाळा, तू अमुक विचारलंस तेव्हा मला बरं वाटलं आणि घड्याळाकडे बघितलंस तेव्हा मी गप्प झाले. सरलाताई ह्यातल्या पट्टीच्या. कधी मधुमेहाच्या होतात, कधी गुडघ्याच्या. एकदा तर नवरा नुकताच गेलेली आणि झोप उडालेली बाई झाल्या होत्या.

ती भूमिका चालू होती तेव्हा मी चार दिवस त्यांच्याशी धड बोलले नव्हते. त्यांचे यजमान, सुबोधभाऊजी, समोर सोफ्यावर जिवंत बसून चहा पिताहेत आणि ही बाई डोळ्याला रुमाल लावून त्यांना घालवल्याचा सराव करते आहे. भाऊजी स्वभावानं थंड. इथल्या वाखनिंगनच्या विद्यापीठात बियाण्यांवर संशोधन करायला आले आणि मग ह्याच देशात नोकरी करून निवृत्त झाले. त्यांनी कप खाली ठेवून एवढंच विचारलं, "मी कशानं गेलो म्हणायचं?"

मी देवाधर्माची बाई आहे. रोज सकाळी अंबाबाईपुढे दिवा लावल्याशिवाय माझ्या तोंडात चहाचा घोट जात नाही, आणि रात्री दिवसभराचं चार ओळींत वहीत लिहिल्याशिवाय झोप येत नाही. मला हे कसं पटावं? मी सरलाताईंना स्पष्ट सांगितलं, की वास्तू तथास्तु म्हणत असते. घरात बसून 'दुखतंय, दुखतंय' म्हणालात आणि नेमकं त्याच क्षणी तिनं तथास्तु म्हटलं तर काय कराल?

मला वाटलं हसतील. पण त्या विचारात पडल्या. म्हणाल्या, "बरोबर आहे गं वैदेही तुझं. नाट्यगृहालासुद्धा देव असतो, पण घराचा देव वेगळा." आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आजारपणाचा सराव इमारतीच्या तळमजल्यावर, सायकली ठेवायच्या खोलीत हलवला. तिथं त्यांची सायकल, भाऊजींची सायकल, रंगाचे जुने डबे आणि मधोमध एक दुमडायची खुर्ची. वास्तूच्या बाहेर, पण पावसाच्या आत. शेजारचा म्हातारा डच माणूस एकदा आतून कण्हणं ऐकून धावत आला होता. काय चाललंय ते कळल्यावर त्यानं विचारपूस केली आणि दुसऱ्या दिवशी खुर्चीवर घालायला एक उशी आणून दिली. तेव्हापासून तो दारावरून जाताना नुसतं "आज काय?" असं विचारतो आणि त्या आतून "किडनी" म्हणून सांगतात.

ह्या कामाला एक शिस्त असते, ती मला फार आवडते. दुखणं अंगावरून उतरवून ठेवायचं. प्रत्येकाची पद्धत वेगळी. सरलाताई भूमिकेसाठी गळ्यात एक राखाडी स्कार्फ बांधतात. काम संपलं की तो काढून घडी करतात आणि मोठ्यानं म्हणतात, "मी सरला. मला काही झालेलं नाही." मराठीत. समोर डच मुलं असली तरी मराठीतच. त्याशिवाय त्या खुर्चीवरून उठत नाहीत. मी म्हटलं, हे मात्र तुम्ही पुण्याचं काम करता, वास्तूला शेवटचं वाक्य चांगलं ऐकू येतं.

ही सगळी कल्पना अमेरिकेतून आली असं त्यांनी मला एकदा मेथी निवडता निवडता सांगितलं होतं. साठेक वर्षांपूर्वी तिथल्या एका डॉक्टरांना वाटलं, की विद्यार्थी रोग्याशी कसा बोलतो हे कुणी बघतच नाही, नुसता पेपर तपासतात. म्हणून त्यांनी एका धडधाकट बाईला दुखणं शिकवून विद्यार्थ्यांपुढे बसवलं. लोकांनी चेष्टा केली. नट्या आणून डॉक्टर घडवणार काय, म्हणाले. त्याच्या आधी शिकायचं कुणावर? तर धर्मादाय दवाखान्यातल्या गोरगरिबांवर. पैसेवाल्यांकडे डॉक्टर घरी जायचा. ज्यांना फुकट उपचार हवे त्यांनी मोबदला म्हणून अंग उघडं करून झोपायचं आणि पोरांनी भोवती उभं राहायचं.

"अमेरिकाच कशाला," सरलाताई म्हणाल्या, "आमच्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात तेच." त्यांची मुलगी संपदा तिथं जन्मली. कळा येत होत्या आणि पलंगाभोवती पोरापोरींचं कोंडाळं. मोठे डॉक्टर इंग्रजीत समजावत होते, पोरं माना डोलावत होती. "मी कुणाला नको म्हटलं नाही. शिकणारच की ती, नाहीतर डॉक्टर कुठून यायचे? पण जाताना एकानं तरी विचारायचं, बाई तुमचं नाव काय." आणि त्यांनी मेथीची दुसरी जुडी पुढे ओढली. वाचनालयातल्या डच संभाषणाच्या वर्गात कुणीतरी ह्या कामाबद्दल सांगितलं, तेव्हा त्या दुसऱ्याच दिवशी नाव द्यायला का गेल्या ते मला त्या दिवशी समजलं.

त्यांच्याकडे ह्या हिवाळ्यात एक नवीन भूमिका आली. साठीच्या आसपासची बाई, थकवा, मळमळ, दोन्ही खांद्यांच्या मध्ये दुखतं, कधी जबडा भरून येतो. विद्यार्थी हमखास पित्त म्हणतो किंवा दगदग म्हणतो. असतं हृदय. सरलाताई सांगत होत्या, की हृदयविकार म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर छाती धरून कोसळणारा पुरुष येतो, कारण वर्षानुवर्षं अमेरिकेत काय आणि इथं काय, अभ्यास जास्त करून पुरुषांवरच झाला. बायकांचं दुखणं वेगळ्या वाटेनं आलं की ते घरी परत पाठवलं जायचं. म्हणून आता ही भूमिका मुद्दाम लिहिली आहे. त्यांना ती फारच मनापासून आवडली. रोज जेवण झालं की खाली सायकलींच्या खोलीत.

संक्रांतीच्या सुमारास त्या मला म्हणाल्या, की ही भूमिका अंगात जरा जास्तच भिनली आहे. जिना चढताना खरंच पाठीत भरून येतं. मी लगेच म्हटलं, सोडा ती भूमिका. त्या हसल्या. भाऊजींनी तर त्यांना शाबासकी दिली होती. रात्री ताट तसंच ठेवून त्या उठल्या, तेव्हा भाऊजी म्हणाले होते, "आज मळमळ छान जमली." त्यांचाही दोष नाही. ज्या घरात बाईला वर्षभरात मधुमेह, मुतखडा आणि दमा होऊन सगळे बरे झाले, तिथला माणूस आणखी काय म्हणणार? आणि सरलाताईंनाही तसंच वाटत होतं. पाठ केलेलं दुखणं आपल्या पाठीत दुखायला लागलं, ह्यात त्यांना आपल्या कामाचं यश दिसत होतं. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, जाऊन सांगायचं तरी काय? मी शिकवण्यासाठी जे दुखणं पाठ केलंय तेच मला होतंय? तो हसेल, अशी त्यांची समजूत.

रथसप्तमीच्या आधीच्या शनिवारी अपूर्वाकडे हळदीकुंकू होतं. अपूर्वा आमच्यातली नव्या पिढीची, पुण्याहून आयटीत आलेली, पण हौस दांडगी. दुपारी खोलीभर काठापदराच्या साड्या, आणि बाहेर दारापाशी बुटांचा ढीग. पार लांबच्या हूफडॉर्पहूनसुद्धा दोघीतिघी आल्या होत्या. सरलाताई उशिरा आल्या. त्या कधी उशीर करत नाहीत. सायकल न आणता चालत आले म्हणाल्या, आणि दारातच टेकल्या. मी वाण त्यांच्या हातात दिलं, तर हात गार लागला. बाहेर थंडी होती, माझ्या मनात आणखी काही आलं नाही.

तिळगूळ झाला, उखाणे झाले. मग अपूर्वानं धोशा लावला, "सरलाताई, आज तरी ते आजारपण करून दाखवाच. आम्ही नुसतं ऐकतो." बाकीच्या लगेच तिच्या बाजूनं. मी म्हटलं, अगं भरल्या घरात, हळदीकुंकवाच्या दिवशी, नको. पण माझं कोण ऐकतंय? आणि मृण्मयीही म्हणाली, की काकू, प्लीज, मला सराव होईल.

मृण्मयीबद्दल सांगायला हवं. ही नाशिककडची, तिकडे चांगली डॉक्टर होती. स्वतःचा दवाखाना, बाहेर बाकांवर गर्दी. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथं आली आणि इथं तिच्या पदवीला कुलूप. पुन्हा परीक्षा द्यायची, डच भाषेतून, आणि त्या परीक्षेतही समोर अशीच खोटी रोगी माणसं बसतात. आधीच्या एका सरावात तिला सांगितलं होतं, की तुम्ही फार भराभर निर्णय सांगता, रोग्याला बोलू देत नाही. ते तिला फार लागलं होतं. "माझ्याकडे बाहेर चाळीस माणसं बसायची हो काकू," ती म्हणायची, "एकेकाला बोलू दिलं असतं तर रात्र झाली असती."

शेवटी दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. सरलाताईंनी पिशवीतून तो राखाडी स्कार्फ काढून जरीच्या साडीवर बांधला, तेव्हा सगळ्या हसल्या. मग त्यांचा चेहरा बदलला आणि हसणं थांबलं.

मृण्मयीनं डचमधून विचारायला सुरुवात केली. मला सगळं समजत नव्हतं, पण तिनं घाई केली नाही हे दिसत होतं. एकेक प्रश्न विचारून ती थांबत होती. सरलाताई खांद्यांच्या मागे हात नेत होत्या, मधूनच जबडा चोळत होत्या. बोलताना थोडा दम लागत होता. त्यांच्या कपाळावर घाम आला आणि कुंकवाचा ओघळ नाकापर्यंत उतरला. माझ्या शेजारची बाई कुजबुजली, "काय गं बाई ही, घामसुद्धा आणते." एकजण मोबाइलवर चित्रण करत होती. मृण्मयी खुर्चीत पुढे झुकून ऐकत होती, आणि जिन्याचा प्रश्न विचारून झाल्यावर तिचे डोळे चमकले.

"हार्ट आहे ना काकू?" ती मराठीत म्हणाली. "पकडलं मी."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मृण्मयीचा चेहरा इतका खुलला, की बिचारीला किती दिवसांनी आपण डॉक्टर असल्यासारखं वाटलं असेल असं मला झालं. सरलाताईही हसल्या. त्यांनी सावकाश स्कार्फ सोडला, घडी केली. आता त्यांचं वाक्य येणार म्हणून मी कान देऊन बसले, कारण घरात ते व्हायलाच हवं होतं.

"मी सरला," त्या म्हणाल्या.

मग थांबल्या. स्कार्फची घडी पुन्हा उलगडली, पुन्हा घातली.

"मी सरला. मला..."

बायकांना वाटलं हाही खेळच. कुणीतरी म्हणालं, विसरल्या. अपूर्वा स्वयंपाकघरातून कॉफीचा ट्रे घेऊन येत होती, ती दारातच थबकली. सरलाताईंनी मृण्मयीकडे बघितलं. घाबरल्यासारख्या नव्हत्या त्या, नवल वाटल्यासारख्या दिसत होत्या.

"मृण्मयी," त्या म्हणाल्या, "पुढचं वाक्य म्हणवत नाहीये गं. खोटं होईल."

त्या क्षणी मृण्मयीचा चेहरा जो उतरला तो मी विसरणार नाही. पण क्षणभरच. ती खाली गुडघ्यांवर बसली, सरलाताईंचं मनगट हातात घेतलं, आणि मान वळवून अगदी शांत आवाजात म्हणाली, "अपूर्वा, एकशे बारा लाव. स्पीकरवर ठेव."

पलीकडून बाई प्रश्न विचारू लागली आणि मृण्मयी उत्तरं देऊ लागली. डच अडखळत होतं, पण ह्या वेळी तिला त्याची पर्वा नव्हती. वय, दुखणं कुठं, कधीपासून, घाम, दम, आधीचे आजार. पलीकडच्या बाईनं विचारलं, तुम्ही डॉक्टर आहात का? मृण्मयी जरा अडली. मग म्हणाली, "इथं नाही. तिकडं होते." पलीकडची बाई म्हणाली, ठीक आहे, तुम्ही सांगताय ते मला नीट समजतंय, बोलत राहा. अपूर्वानं नंतर त्याचा अर्थ मला सांगितला, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मी भाऊजींना फोन लावला. सरलाताईंना बरं वाटत नाहीये, रुग्णवाहिका येते आहे, असं एका दमात सांगितलं. ते निवांतपणे म्हणाले, "वहिनी, तिला म्हणावं वाक्य म्हण आणि संपव आता. चहाला घरी ये." मी म्हटलं, "भाऊजी, त्यांना वाक्य म्हणताच येत नाहीये." पलीकडे किल्ल्या पडल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला. चार गल्ल्यांवरचा माणूस, रुग्णवाहिकेच्या आधी पोचला. पायात घरातल्याच चपला होत्या आणि बाहेर पाऊस.

रुग्णवाहिकेतून एक उंच माणूस आणि एक तरुण मुलगी आली. दारातल्या बुटांवरून त्यांना उड्या मारतच आत यावं लागलं. सोफ्यावरच त्यांनी यंत्र मांडलं. छातीवर वायरी चिकटवायच्या, म्हणजे ब्लाउज काढणं आलं. त्या उंच माणसानं कात्री हातात घेतली आणि बघतो तर काय, सात-आठ बायका सोफ्याभोवती पाठ करून उभ्या, आणि अपूर्वाच्या आईनं पाठवलेली नवी कोरी पैठणी दोघींनी पडद्यासारखी धरलेली. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. तो माणूस दोन सेकंद थांबला, मान हलवली, आणि पडद्याच्या आत वाकून कामाला लागला. काम करता करता त्यानं सरलाताईंना विचारलं, मेव्राउ, म्हणजे बाई, तुमचं नाव काय? त्यांनी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट. तोही ते पुन्हा म्हणाला, चुकत चुकत.

यंत्रातून कागद बाहेर आला. त्या मुलीनं तो बघितला आणि मृण्मयीला दाखवला. लगेच स्ट्रेचर आलं.

हृदयाचा झटका होता. तो तिथंच, त्या खुर्चीत, सगळ्यांच्या टाळ्यांमध्येही चालूच होता.

हॉस्पिटलात भाऊजी आणि मी एका लांबलचक कॉरिडॉरमध्ये बसलो. संपदा उट्रेख्टहून निघाली होती. मी मनातल्या मनात जप करत होते. देवीला मी काही नवस बोलले नाही, नुसतं विचारत होते, की बाई, वास्तूनं तथास्तु म्हटलं असेल तर ते तू परत घेऊ शकतेस ना? भाऊजी हातातला सरलाताईंचा स्कार्फ बघत बसले होते. एकदाच बोलले. "मी तिला छान जमलं म्हणालो, वहिनी. ताट टाकून उठली होती ती." मी पिशवीतला तिळगूळ काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी खाल्ला नाही, पण मूठही उघडली नाही.

खिडकीबाहेर अंधारत आलं होतं तेव्हा एक डॉक्टरीणबाई आल्या. डोक्यावरची टोपी काढत सरळ समोरच्या खुर्चीत बसल्या, उभ्या उभ्या बोलल्या नाहीत. म्हणाल्या, मनगटातून बारीक तार नेऊन अडलेली वाहिनी मोकळी केली, आत जाळीची नळी बसवली. वेळेत आलात. हृदयाला फार इजा झालेली नाही. घरी जाऊन झोपल्या असत्या तर मी आत्ता वेगळं बोलत असते. मग त्यांनी विचारलं, हे कुणाच्या लक्षात आलं? भाऊजींनी माझ्याकडे बघितलं, मी म्हटलं, सरलाताईंच्याच. डॉक्टरीणबाईंनी भुवया उंचावल्या आणि म्हणाल्या, बायका बहुतेक वेळा स्वतःचंच दुखणं शेवटी ऐकतात.

भाऊजींची मूठ तेव्हा उघडली. तिळगुळाचा भुगा झाला होता. त्यांनी तो सगळा तोंडात टाकला आणि रडायला लागले. मी दुसरीकडे बघत बसले. पण इतकं मोकळं मला पूर्वी कधी वाटलं नव्हतं. आधी पाय हलके झाले, मग खांदे. घरी आल्यावर मी दिवा लावला आणि देवीपुढे नुसती बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो तर मृण्मयी आधीच तिथं होती, पलंगाशेजारी मान खाली घालून. ती म्हणत होती, की मी दहा मिनिटं खेळ चालू ठेवला काकू, समोर झटका बसलेला आणि मी पकडलं म्हणून हसले. सरलाताईंचा आवाज बारीक होता, पण सूर तोच.

"अगं, पण बरोबर पकडलंस ना? तेवढ्यावर थांब."

"मला वाटलं तुम्ही करताय."

"मलाही तसंच वाटलं," सरलाताई म्हणाल्या. "तू मला बोलू दिलंस, म्हणून मला माझंच ऐकू आलं."

मग मी माझी शंका काढली. म्हटलं, तथास्तुचं काय? घरात करायला नको होतं. मृण्मयीनं मला समजावलं, की ही वाहिनी आज अडली नाही, कित्येक वर्षं बारीक होत आली होती, भूमिका हातात येण्याच्या फार आधीपासून. सायकलींच्या खोलीत जे दुखत होतं ते खरंच दुखत होतं. मला पटलं. तरी मी म्हटलं, मग वास्तूनं उलट वाचवलं, नाहीतर त्या बाहेरच राहिल्या असत्या, आणि कण्हणं ऐकून शेजारच्या म्हाताऱ्यानं "आज काय?" विचारलं असतं, आणि ह्या "हृदय" म्हणून सांगत बसल्या असत्या. मृण्मयीला आधी हसावं की नाही कळेना. मग सरलाताईच हसल्या आणि परिचारिकेनं आत डोकावून बघितलं.

सरलाताईंच्या कामाच्या ठिकाणच्या बाईंचा फोन आला. आराम करा, घाई नाही, ही भूमिका आम्ही दुसऱ्या कुणाला देऊ, असं म्हणाल्या. सरलाताईंनी ते कबूल केलं, पण एक दुरुस्ती सुचवली. भूमिकेत लिहिलं आहे, की विद्यार्थी पित्त म्हणतो. त्यात घाला, की बाईही पित्तच म्हणते. ती स्वतःच हसत हसत येते, माफी मागते, तुमचा वेळ घेतला म्हणते. जो विद्यार्थी तिच्याबरोबर हसणार नाही तो पास. त्या बाईंनी म्हणे ते लगेच लिहून घेतलं.

आता महिना उलटून गेला आहे. गोळ्या चालू आहेत, आठवड्यातून दोनदा व्यायामाला जातात, तिथं त्यांच्यापेक्षा म्हाताऱ्या डच बायका त्यांना मागे टाकतात म्हणून चिडतात. भाऊजी स्वयंपाक शिकले आहेत. म्हणजे भात आणि वरण. ताट पुढे ठेवून ते शेजारी बसून राहतात आणि पहिले चार घास उतरेपर्यंत बोलत नाहीत. मृण्मयीची परीक्षा तोंडावर आली आहे. ती दर रविवारी येते. सरलाताई तिला दुखणी सांगत नाहीत, त्यांच्या कामाचा तो नियम आहे. पण कुणाच्याही घरी काय चाललंय ते विचारायला लावतात आणि गप्प बसून ऐकायला लावतात. मृण्मयी म्हणते, नाशिकला परत गेले तरी मला आता भराभर काम होणार नाही. सरलाताई म्हणतात, मग बाहेर बाक जास्त ठेव.

काल एकादशी होती. ऊन पडलं होतं, म्हणून मी आणि सरलाताई नदीच्या बांधावरून चालायला गेलो. हॉलंडसे आयसेल संथ होती, एक मालवाहू बोट चालली होती. सरलाताई पूर्वीच्या निम्म्या वेगानं चालत होत्या आणि मी त्यांच्याही मागे, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत. बांधावरच्या बाकापाशी त्या अचानक थांबल्या. हात पोटावर ठेवला. डोळे मिटले.

फोन काढता काढता मी विचारलं, "काय होतंय?"

त्यांनी डोळे उघडले, माझ्या हातातल्या फोनकडे बघितलं.

"भूक लागलीय गं," त्या म्हणाल्या. "ते सकाळी वरण फार पातळ झालं होतं."

माझ्या पिशवीत उपासाचे राजगिऱ्याचे लाडू होते. आम्ही बाकावर बसलो. एक त्यांनी खाल्ला, मग दुसरा खाल्ला, आणि माझ्यासाठी उरलेल्या एकुलत्या एका लाडवाकडे बघत विचारलं, "तू उपासाला असं किती खातेस?" मी डबा त्यांच्याकडे सरकवला. बोट पुलाखालून गेली, आणि आम्ही ती दिसेनाशी होईपर्यंत बसून राहिलो.